तीन आणि चारच्या मधे

सुई टोचून झाली, औषध आत गेलं, डॉक्टरांनी कापसाचा बोळा दाबूनही धरला, तरी सिस्टरनं पेशंटचं मनगट सोडलं नाही. पेशंट कुलपं दुरुस्त करणारा, बोलघेवडा माणूस. आत येताना भीतीनं त्याची बोलती बंद झाली होती, ती सुटका झाल्याबरोबर पुन्हा सुरू झाली. "सोडा की आता सिस्टर, पळून नाही जात मी," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. सिस्टरही हसली आणि हसता हसता तिनं बोटं उघडली. म्हणजे तिला वाटलं, उघडली. अंगठा सुटला, तर्जनी सुटली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सुटलं. मधलं बोट मात्र त्या परक्या मनगटाला आकड्यासारखं अडकून राहिलं. तिनं मनातल्या मनात त्याला पुन्हा बजावलं, उघड. पण बोट जणू दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि त्या दुसऱ्याला हिची काही ओळख लागत नव्हती. शेवटी डाव्या हातानं धरून तिनं ते मागे ओढलं. टक् असा आवाज झाला आणि तळहातापासून कोपरापर्यंत एक कळ सरकत गेली. कुलूपवाल्यानं तो आवाज ऐकला. आयुष्यभर असलेच आवाज ऐकत आलेला माणूस. "आतली स्प्रिंग गेली की असं वाजतं," तो म्हणाला. मग आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो घाईघाईनं आपली पिशवी शोधायला लागला.

डॉक्टर दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलत. बोलायचं काम सिस्टरचं, टोचायचं काम त्यांचं, अशी वाटणी पहिल्याच वर्षी होऊन गेली होती आणि सोळा वर्षं ती दोघांनीही निमूट पाळली होती. कुलूपवाला बाहेर गेल्यावर त्यांनी तिचा उजवा हात न विचारता टेबलावर ओढून घेतला, मधल्या बोटाच्या बुडाशी, तळहाताच्या रेषेवर, अंगठा दाबला. तिथं हरभऱ्याएवढी गाठ होती. ती तिथं आहे हे तिला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. रोज सकाळी ती हात गरम पाण्यात बुडवून बसायची, बोट मोकळं झालं की मगच घराबाहेर पडायची, आणि दिवसभर ज्यांची बोटं अडकतात अशा माणसांना धीर देत फिरायची. भिंतीवर तिच्या डोक्याच्या वरच हाताचा रंगीत तक्ता टांगलेला होता: बोट वाकवणारी पांढरी दोरी, तिला जागेवर धरून ठेवणारी नळी, नळी अरुंद झाली की दोरी कुठं अडते ते दाखवणारा लाल बाण. त्या बाणाखाली ती सोळा वर्षं उभी होती. "गुरुवारी," डॉक्टर म्हणाले. "दुपारचे पेशंट संपले की." एवढे शब्द त्यांनी तिच्यासाठी खर्च केले, म्हणजे प्रकरण किती पुढं गेलंय ते तिला कळलं.

ती घरी पायी निघाली. हात कोटाच्या खिशात होता आणि खिशातल्या खिशात अंगठ्यानं ती गाठ चाचपत होती. भीती वाटत होती. याची तिला लाज वाटत होती, पण वाटत होती हे खरं. तळहातातली सुई काय असते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दंडावरची सुई म्हणजे काहीच नाही. तळहात हा माणसाचा सगळ्यात जागा भाग, तिथं टाचणी लागली तरी जीव कळवळतो, आणि इथं सुई थेट त्या अरुंद नळीपर्यंत न्यायची आणि मावेल न मावेल अशा जागेत औषध भरायचं. दणकट माणसं या टेबलावर तिनं पाहिली होती, पोती वाहणारी, भट्टीपुढं उभी राहणारी, आणि त्यांच्या तोंडून निघालेले आवाज तिच्या कानात होते. म्हणून तर तिनं इतक्या खटपटी केल्या. डॉक्टरांना सुई बारीक वापरायला लावली. स्टिरॉइडमध्ये भुलीचं औषध मिसळायचं ठरलेलंच होतं, पण ती बाटली फ्रिजमधून काढून आपल्या मुठीत पाच मिनिटं धरायची आणि औषध अंगाइतकं ऊबदार झालं की मगच सिरिंजमध्ये भरायचं, हे तिचं. टोचायच्या आधी थंड फवारा मारायचा आणि त्याची पांढरी साय कातडीवर आहे तोवरच सुई घालायची, कारण ती साय सहा-सात सेकंदांत उडून जाते, हेही तिनंच घड्याळ लावून पाहिलेलं. औषध सावकाश सोडायचं, घाई केली की दुप्पट ठणकतं. आणि या सगळ्यावरची तिची स्वतःची कमाई म्हणजे ते मोजणं.

पेशंटचं मनगट धरून ती सांगायची, आपण दहापर्यंत मोजू, दहाला सुई, तोवर काही नाही. माणूस एकला ताठ होतो. दोनला श्वास धरतो. तीनला त्याला वाटतं, अजून सात आहेत, आणि तो श्वास सोडतो. तेवढ्या एका फटीत हात सैल पडतो. तीन आणि चारच्या मधे ती नाकातल्या नाकात एक बारीकसा आवाज करायची, "हं," आणि त्या हंवर डॉक्टरांची सुई आत गेलेली असायची. पेशंटला तो हं कधी ऐकूच यायचा नाही. आला तरी वाटायचं, बाई धीर देतेय. "अहो, दहा कुठं झाले," माणसं म्हणायची, आणि ती म्हणायची, झालंसुद्धा, बघा, कळलं तरी का. बरेच जण हसायचे. डॉक्टर तर आता वर बघतही नसत. मान खाली, सुई तयार, आणि कान तिच्या हंकडे. ठणका किती दिवस राहील असं कुणी विचारलं की ती ठरलेलं सांगायची, संध्याकाळपर्यंत विसराल. भूल उतरल्यावर दोन दिवस हात भट्टीत घातल्यासारखा होतो हे तिला पक्कं माहीत होतं. पण आधी सांगून काय साधतं, असा तिचा हिशोब होता.

आणि गुरुवारी यातलं काहीच तिच्या कामाचं नव्हतं. ज्यानं पत्ते पिसले त्याच्यासमोर कसली जादू करणार? तिला चार माहीत होता, पांढरी साय माहीत होती, संध्याकाळचं खोटं माहीत होतं. तिच्या पोतडीतली एकूण एक गोष्ट समोरच्याच्या नकळतेपणावर चालत होती, आणि तेवढाच नकळतेपणा तिच्याजवळ शिल्लक नव्हता. बुटांच्या दुकानापाशी ती काचेत बघत उभी राहिली, बूट न बघता. हे मोजणं मुळात तिचं नव्हतंच. ते आईचं होतं. ती सहा-सात वर्षांची असताना एक तुटकी सुई तिच्या टाचेत शिरली होती. आई शिंप्यांसाठी काजं करायची. शर्टांचे, कोटांचे गठ्ठे घरी यायचे, फरशीवर दोऱ्यांचे तुकडे आणि कधीमधी एखादी सुई. आईनं तिला पायरीवर बसवलं, टाच मांडीवर घेतली, चिमटा दाखवला. लपवला नाही, दाखवला. म्हणाली, दुखणार आहे, बरंच दुखणार आहे, पण पाच म्हटल्यावरच ओढेन, त्याच्या आधी हात लावणार नाही. आणि मोजलं. एक ते चार ती पोर निर्धास्त बसली होती, बाहेर कुणाची तरी सायकल जाताना पाहिलेली तिला अजून आठवत होती. पाचला आईनं ओढलं. दुखलं, ती बोंबलली, पण ते दुखणं सांगून सवरून आलं होतं, दारातून आलं होतं. त्यानंतर दात असो, काटा असो, पट्टी सोडवायची असो, आई मोजायची आणि सांगितलेल्या आकड्याला ओढायची. एकदाही आकडा चुकला नाही. दोघींमध्ये तसं फारसं बोलणं नव्हतं, लाड तर नव्हतेच. जे काही होतं ते त्या आकड्यांत होतं.

चार वर्षांपूर्वी आईचं बोट अडकायला लागलं. चाळीस वर्षं काजं करणाऱ्या हाताचं बोट अडकलं नाही तरच नवल. सिस्टरनं मोठ्या ऐटीत तिला आपल्या दवाखान्यात आणलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, बाटली मुठीत गरम केली, फवारा मारला. मनगट धरलं. दहापर्यंत मोजू, आई, ती म्हणाली. आईनं मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागली, अगदी निर्धास्त, सायकल बघत असल्यासारखी. एक, दोन, तीन, हं. आईचा हात एकदाच उडाला. ती ओरडली नाही. तिनं मान वळवून लेकीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. सिस्टर म्हणाली, झालंसुद्धा, बघ, कळलं तरी का. वरून सवयीनं हेही सांगितलं की संध्याकाळपर्यंत विसरशील. परत जाताना रस्त्यात आई एवढंच म्हणाली, "तू दहा म्हणाली होतीस." अगं, त्यानं कमी दुखतं, सिस्टरनं समजावलं, सगळ्यांना तसंच करते मी. आई चालत राहिली. मग म्हणाली, "दुखणार मला होतं ना? मग मला सांगायला हवं होतंस." दोन दिवस हात ठणकला, आईनं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

आठ महिन्यांनी ते बोट पुन्हा अडकायला लागलं, मग त्याच्या शेजारचं. सिस्टरनं परोपरीनं विनवलं. पुन्हा एक सुई, नाहीतर दहा मिनिटांचं छोटंसं ऑपरेशन, तेवढ्यात काम झालं असतं. आई म्हणायची, मला नको. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं मला नको. बघता बघता दोन बोटं तळहाताकडे वळली ती वळलीच, आणि उजव्या हाताची मूठ झाली. आई डाव्या हातानं सगळं करायला शिकली, मुठीनं कप टेकवून धरायला शिकली. रस्ता ओलांडताना सिस्टर हात पुढं करायची, तर आई कोपर द्यायची. चार वर्षांत तिनं लेकीच्या हातात हात म्हणून दिला नव्हता. बाहेर हजार लोकांचे हात धरणारी बाई घरात एका मुठीपुढं हात बांधून उभी होती, आणि काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

घरी जेवताना तिनं चमचा डाव्या हातात घेतला. आईनं ते पाहिलं. आईच्या नजरेतून हाताचं काही सुटत नसे. कधीपासून, तिनं विचारलं. दोन महिने. डॉक्टर काय म्हणतात? गुरुवारी सुई. आई जेवत राहिली. मुठीनं ताटली दाबून धरून ती डाव्या हातानं शेवटचे घास गोळा करत होती, आणि सिस्टरला वाटलं, आता ती म्हणेल, कळेल तुला. म्हणाली असती तर बरं झालं असतं. काहीतरी फिटलं असतं. पण आईनं ताटली बाजूला सारली आणि विचारलं, "तुझा हात धरणार कोण?"

हा प्रश्न सिस्टरला सुचलाच नव्हता. दवाखान्यात हात धरणारी एकच होती. बाहेर नोंदी करणारी बाई रक्ताच्या नुसत्या नावानं पांढरी पडायची. कुणी नाही, ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचा आवाज असा काही निघाला की तिची तिलाच कीव आली. आई उठली, नळ सोडला, पाठमोरीच म्हणाली, "मी येते. पण दहा म्हणजे दहा."

गुरुवारी शेवटचा पेशंट गेला आणि सिस्टरनं सगळी मांडामांड स्वतःच केली. बाटली फ्रिजमधून काढून मुठीत धरली. मूठ उघडताना बोट अडकलं, तेव्हा डॉक्टरांनी बाटली तिच्या हातातून सोडवून घेतली. औषध त्यांनीच भरलं. पेशंटच्या खुर्चीवर ती आजवर कधी बसली नव्हती. इथून खोली वेगळीच दिसत होती. तक्त्यावरचा लाल बाण थेट तिच्याकडे रोखलेला होता, आणि छताच्या कोपऱ्यात ओलीचा एक डाग होता, तो सोळा वर्षांत तिनं पाहिला नव्हता. इथं बसलेल्या प्रत्येकानं मात्र पाहिला असणार. आई शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिनं डाव्या हातानं लेकीचं मनगट धरलं. तिच्या हाताला जोर नव्हता, पण धरणं पक्कं होतं. मी मोजणार, दहाला टोचा, तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. सातला फवारा मारा, सिस्टर पुटपुटली, म्हणजे साय टिकेल. त्यांनी पुन्हा मान डोलावली.

आईनं सुरुवात केली. आवाज तोच, पायरीवरचा, कुणाचीही घाई नसलेला. एक. दोन. तीन आला तसा सिस्टरचा हात आपोआप ताठ झाला, तीन आणि चारच्या मधे तिचं अख्खं अंग त्या सुईची वाट बघत थांबलं, आणि काहीच झालं नाही. चार. सोळा वर्षं ती लोकांना चारच्या पलीकडे जाऊ देत नव्हती. पलीकडे काय असतं ते तिला आज कळलं. पाच, सहा, प्रत्येक आकडा खोलीएवढा लांब. आपण निर्धास्त बसू, टाचेच्या वेळी बसलो तशा, असं तिनं ठरवलं होतं, पण ते वय गेलं होतं. सात. फवारा आला, कातडी पांढरी झाली, गार चटका बसला. आठ. आईचा अंगठा मनगटावर किंचित दाबला गेला. नऊ. दहा.

दहा झाले आणि सुई जिथल्या तिथं थांबली. तळहाताच्या वर बोटभर अंतरावर. डॉक्टरांची मान खाली होती, हात स्थिर होता, चेहऱ्यावर काही नव्हतं. ते मुद्दाम थांबले नव्हते. थांबल्याचं त्यांना कळलंही नसावं. सिस्टरला मात्र क्षणात उमगलं: ते हंची वाट बघत होते. हजारो वेळा तिच्या हंवर पुढं सरकलेला तो हात, हं आल्याशिवाय सरकणारच नव्हता. सांगायला हवं होतं, टोचा म्हणून. नुसता हं केला असता तरी झालं असतं. तिनं तोंड उघडलं. पांढरी साय कडेनं विरघळायला लागलेली तिला दिसत होती, आता चार सेकंद, आता तीन, गेली की सगळं नागडं दुखणं. दुसऱ्यांसाठी श्वासाइतक्या सहज निघालेला तो आवाज स्वतःसाठी काही केल्या घशाबाहेर येईना. बोट उघड म्हटल्यावर उघडत नव्हतं, आता घसाही. तिनं आईकडे पाहिलं. ती काही मागत नव्हती, मागायचं काय हेही तिला सांगता आलं नसतं. तिला फक्त असहाय वाटत होतं, या खुर्चीत बसलेल्या कुणालाही वाटत आलं असेल तेवढं.

आई तिच्याकडेच बघत होती. मग आईनं नाकातल्या नाकात एक बारीकसा आवाज केला. "हं."

हुबेहूब तोच. तेवढाच लहान, त्याच सुरातला. म्हणजे तो तिनं त्या दिवशी ऐकला होता, आणि चार वर्षं जसाच्या तसा जपून ठेवला होता. सुई आत गेली. साय उडून गेली होती आणि दुखलं, इतकं दुखलं की सिस्टरच्या तोंडून पोती वाहणाऱ्या माणसांसारखा आवाज निघाला. औषध सावकाश, फार सावकाश आत सरकत होतं, हाताच्या आत कुणीतरी जागा करून घेत होतं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दुखतंय का, आईनं विचारलं. दुखतंय, ती म्हणाली. दुखणारच, आई म्हणाली, आणि मनगट तसंच धरून ठेवलं.

बोळा बांधून झाला. डॉक्टर हात धुवायला वळणार, तेवढ्यात आईनं आपली उजवी मूठ टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. बघा जरा, एवढंच म्हणाली. डॉक्टर पुन्हा बसले. त्यांनी ती मिटलेली दोन बोटं हळूच उचलायचा प्रयत्न केला, एकदा, मग जरा जोर लावून. बोटं हलली नाहीत. सांधे गोठून गेले होते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या सुईनं झालं असतं, दोन वर्षांपूर्वी चाकूनं तरी. हे त्यांच्या चेहऱ्यावरून सिस्टरनं वाचलं. आईनं विचारलं, हे उघडेल का आता. डॉक्टरांनी सवयीप्रमाणे सिस्टरकडे पाहिलं. बोलायचं काम तिचं होतं.

तिच्याकडे अशा वेळची वाक्यं तयार होती. बघू या, औषध देऊ, रोज गरम पाण्यात हात ठेवा, फरक पडेल हळूहळू. ती तोंडाशी आलीसुद्धा. तिचा उजवा हात भुलीनं जड होऊन मांडीवर पडला होता. डावा तिनं पुढं केला आणि आईची मूठ तळहातावर घेतली. हलकी होती, आणि गार.

"नाही, आई," ती म्हणाली. "आता नाही उघडणार."

आईनं मान डोलावली. हात मात्र काढून घेतला नाही.